हौदाबाहेरची काठी

काकांच्या हाताचं हाड माझ्या काठीनं मोडलं. उजवा हात, मनगटाच्या जरा वर. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वडिलांचं गलबत मलबारच्या वाटेवर बुडाल्यापासून याच माणसानं मला वाढवलं होतं. स्वतःच्या मुलींना नाही, पण मला त्यांनी इंग्रजी चौथीपर्यंत शिकवलं होतं.

आमचं गाव हर्णे आणि केळशी यांच्या मधलं. पहिलं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. गावात आम्ही अठराजणांनी मिळून एक तालीम काढली होती. समुद्राच्या बाजूला एक जुना मांगर, गवत-अवजारं ठेवायची कौलारू खोपी, मिळाला, त्यात लाल मातीचा हौद केला. सगळे एकमेकांना भाऊ म्हणायचे. दवाखान्यात कंपाउंडर असलेला पंचविशीचा एकजण आमचा पुढारी होता, त्याला आम्ही थोरला भाऊ म्हणत असू. हौदाच्या मातीला हात लावून प्रत्येकानं तीन शपथा घेतल्या होत्या. दारू प्यायची नाही. रोज एक तास गावाच्या कामाला द्यायचा. आणि हौदाबाहेर कुणावर हात उगारायचा नाही.

पहिल्या वर्षी आम्ही विहिरी उपसल्या, पाखाडीच्या सुटलेल्या पायऱ्या बसवल्या. दुसऱ्या वर्षी पटकीची साथ आली. गावाबाहेर वस्ती होती, तेव्हा सगळे तिला महारवाडा म्हणत, तिथं पाच दिवसांत सात माणसं गेली. उचलायला माणूस उरला नव्हता. आम्ही गेलो. एका घरात नवरा मेलेला आणि बायको दाराला टेकून बसलेली, तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. आम्ही प्रेत उचलून बाहेर आणलं तेव्हा ती बाई म्हणाली, "मेलेल्याला शिवलात, दादा. आता जित्या पोरांना शिवाल काय?"

थोरला भाऊ नुसता मान हलवून पुढं चालू लागला. साथ ओसरल्यावर महिन्याभरात त्यानं तालमीच्या मांगरात दुपारची शाळा सुरू केली. वस्तीतली नऊ मुलं, कोळीवाड्यातली सहा, आणि आमच्या वरच्या आळीतली चार. बसायला एकच लांब चटई. मी वाचन शिकवायचो. गणित शिकवायला आमचा एक मुसलमान भाऊ होता, आगबोटीवरच्या सारंगाचा मुलगा. त्याच्यासारखे तोंडी हिशेब अख्ख्या तालुक्यात कुणी करत नसेल.

चौथ्या रविवारी दगड आले.

मांगराच्या मागं दगड रचलेला गडगा होता, त्याच्याआडून. पहिला दगड कौलावर पडला, दुसरा मागच्या खिडकीतून आत. जांभ्याचा ढेकळाएवढा तुकडा गणित शिकवणाऱ्याच्या तोंडावर बसला. तो खाली वाकला, हातात एका मुलाची पाटी होती, तिच्यावर रक्ताची धार लागली. डावा डोळा गेला होता, पण हे आम्हाला दापोलीच्या डॉक्टरानं नंतर सांगितलं. मुलं किंचाळत दाराकडे धावली. थोरला भाऊ ओरडला, "कडं करा! मुलांना आत घ्या! कुणी हात उचलायचा नाही!"

आम्ही बाराजण तिथं होतो. मुलांभोवती हात धरून उभे राहिलो, तोंडं मुलांकडे आणि पाठी बाहेर. दगड पाठीवर, मानेवर, डोक्यावर घेतले. माझ्यासमोर पटकीत बाप गेलेली ती वस्तीतली मुलगी होती, तिनं माझ्या सदऱ्याचा कोपरा तोंडात धरला होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या शेजारचा दोनदा गुडघ्यावर गेला आणि दोनदा उठला.

घरी गेलो तर काका खळ्यात चाबूक घेऊन उभे.

"उद्यापासून जायचं नाही तिथं."

"जाणार."

"पुन्हा बोल."

"जाणार, काका."

त्यांनी बैलाला मारावं तसं मारलं. काकू मधे पडली तर तिच्याही हातावर वळ उठला. मी ओरडलो नाही, त्यानं त्यांना आणखी चेव आला असावा. शेवटी चाबूक टाकून ते म्हणाले, "नीघ घरातून." मी अंगावरच्या कपड्यांनिशी तालमीत राहायला गेलो.

पुढच्या रविवारी दगड मारणारे सरळ पुढच्या दारानं आले. पंचवीस-तीस माणसं, दोघातिघांकडे कोयते, एकाकडे रॉकेलची बाटली. सगळ्यात पुढं काका. आम्ही दारात कडं धरून उभे राहिलो. धक्काबुक्की झाली, कडं तुटलं, लोक आत घुसले. चटई ओढून फाडली. मुलं मागच्या खिडकीतून उड्या मारू लागली, ती मुलगी मात्र कोपऱ्यात अडकली. काकांनी तिला केसांना धरून उचललं. ज्यांचा विटाळ होतो म्हणून ते आले होते, तिच्याच केसांत त्यांची मूठ होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिच्या तोंडून आवाजही निघत नव्हता.

भिंतीला तालमीच्या काठ्या उभ्या होत्या. मी एक घेतली.

"काका, सोडा तिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोडलं नाही.

मी मारलं. मुलगी खाली पडली आणि काकाही खाली बसले, आपला लोंबता हात दुसऱ्या हातात धरून. मग त्यांच्याबरोबरचे माझ्यावर तुटून पडले. माझ्या दोन बरगड्या गेल्या, पुढचा एक दात गेला. शुद्धीवर आलो तेव्हा थोरला भाऊ काकांच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधत होता, आणि काका त्याच्या आईचा उद्धार करत होते.

तिसऱ्या दिवशी थोरला भाऊ माझ्या चटईशी येऊन बसला. "बरा झालास की तालमीत येऊ नकोस. वर्षभर."

"ती मेली असती!"

"असेल."

"मग?"

"आपण सगळ्यांनी दगड खाल्ले ते शपथेसाठी. एकाचा डोळा गेला. तुझ्या एका काठीनं गावाला बोलायला तोंड मिळालं. घरोघर आता सांगतायत, शाळा नाही ती, गुंडांचा अड्डा आहे."

मला त्याचा इतका राग आला की उठता आलं असतं तर त्यालाही मारलं असतं.

लावणीची वेळ आली. काकांचा हात गळ्यात, घरात दुसरा पुरुष नाही, आणि गडी मिळेनात. माझे तालमीतले भाऊ, मला न सांगता, आमच्या शेतात उतरले. मी कोळीवाड्यात राहत होतो, मला हे चार दिवसांनी कळलं. काका बांधावर बसून त्यांना शिव्या देत होते. डाव्या हातानं चिखलाची ढेकळं आणि दगड फेकत होते. एकाच्या डोक्याला खोक पडली. त्यानं मुंडासं सोडून घट्ट बांधलं आणि पुन्हा वाकून रोपं लावू लागला. तीन दिवसांत त्यांनी सगळी खाचरं लावून संपवली. काकूनं कण्यांची पेज करून आणली, ती काकांनी लाथेनं उलटवली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा आणली.

त्याच दिवाळीनंतर मांगर जळाला. कुणी जाळला ते गावाला माहीत होतं, फौजदाराला मात्र कळलं नाही. शाळा कोळीवाड्यात, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत भरू लागली. वर्ष संपल्यावर भावांनी मला परत घेतलं. काही वर्षांनी सरकारी शाळेचं दार सगळ्यांना उघडलं, पण मास्तर वस्तीतल्या मुलांना पडवीत बसवायचा. म्हणून आमच्यातले दोघे रोज त्यांच्याशेजारी पडवीत जाऊन बसायचे, मिशा फुटलेले बाप्ये, मांडीवर पाटी घेऊन. दीड महिन्यानं मास्तरानं कंटाळून सगळ्यांना आत घेतलं. ती मुलगी चौथीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन अंजनवेलीकडे गेली.

काकांचा हात वाकडाच राहिला. कोयता धरता येईना, माडावर चढणं तर संपलंच. त्यानंतर सात वर्षं जगले, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी दारात गेलो की आत जायचे.

ते गेल्यावर बाराव्या दिवशी काकू मला म्हणाली, "तुझ्यावर राग नव्हता रे त्यांचा. घाबरले होते."

"कुणाला?"

"गावाला. आदल्या रात्री चौघं येऊन सांगून गेले होते, पोरगा तुझा आहे, उद्या तू पुढं राहायचं, नाहीतर घर वाळीत. दोन पोरींची लग्नं व्हायची होती. काय करणार होते?"

सात वर्षं हे तिनं पोटात ठेवलं होतं. तिनं पुढं ठेवलेली पेजेची वाटी तशीच सोडून मी बाहेर आलो.

हे मला त्या दुपारी माहीत असतं तर काठी उचलली नसती का, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. उचलली असतीच. पण जरा खाली, मांडीवर मारली असती.