सात नंबरच्या मागच्या दाराशी

प्रदर्शन संपलं की मांडव उतरतो, गालिचे गुंडाळले जातात, पाहुणे विमानं पकडून आपापल्या गावी जातात. किस्से मात्र कोणी परत नेत नाही. ते आमच्याच गळ्यात! दिल्लीत स्टॉल उभारणारी, स्टेडियममधल्या स्पर्धांची व्यवस्था बघणारी आमची छोटी कंपनी. त्यात मराठी माणसं तीनच. मी निकम, इलेक्ट्रिकलची फरीदा आणि आमचे साहेब, देवधर. बहुतेक किस्से साहेबांचे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकात माझं ब्लडप्रेशर वाढलेलं आहे.

साहेबांची खोड एकच. उभी हयात दिल्लीच्या मैदानांवर गेली, त्यामुळे या शहरात जे जे पाडलं गेलं, ते त्यांच्या लेखी अजून उभंच आहे. "जुन्या आखाड्यावरून डावीकडे वळ," असं सांगणार. आपण जावं, तर तिथं मॉल!

*

उद्घाटनाचा दिवस. मंत्री घरून निघालेले, आणि आमच्या महाराष्ट्र दालनात मांडायचा हातमाग अजून ट्रकमध्येच. ड्रायव्हरचा फोन आला, "साहब, किधर आना है?"

"चार नंबर गेट!" साहेब ओरडले.

प्रदर्शन मैदान पाडून नव्यानं बांधलं तेव्हा गेटांचे आणि हॉलचे नंबर बदलले होते. साहेबांचा चार जुना. बिचारा ट्रक गेला नव्या चारवर, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, मंत्र्यांच्या ताफ्याच्या बरोब्बर तोंडाशी! पोलिसांनी ड्रायव्हरला खाली खेचलं, त्यांचं कुत्रं हातमागावर चढून हुंगायला लागलं. मी हात जोडून उभा, आणि मागून आलेले साहेब इन्स्पेक्टरवरच उखडले, "नंबर किससे पूछके बदला?"

हातमाग काही वेळेत पोचला नाही. मंत्र्यांनी रिकाम्या चौथऱ्यासमोर फीत कापली, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "वा! एकदम खुला-खुला रखा है!"

*

गुरुग्रामच्या एका आयटी कंपनीचा स्पोर्ट्स डे. भाड्यानं घेतलेलं स्टेडियम, कोपऱ्यात स्टेज. साहेबांनी काम थांबवलं.

"इथं जुना नाला आहे. बुजवताना मी स्वतः उभा होतो. स्टेज खचेल."

कंपनीची पाहुणे मंडळी गाड्यांतून उतरायला लागली होती. त्यांचा मॅनेजर घड्याळ बघून मला विचारतोय, "यार, ये क्या चल रहा है?" साहेब म्हणाले, खणा. खणलं. नाला नाही. अजून खणा! आणखी खोल गेलो, आणि एकदम सगळे स्पीकर गप्प झाले. बघावं तर खड्ड्यातून फरीदाचं डोकं वर आलं. डोळ्यांत नुसता अंगार!

"सर, नाला नाही सापडला. माझी केबल सापडली!"

*

साहेब राहतात करोल बागेत. एकदा तिथून आम्ही मोठ्या टेंडरच्या मीटिंगला कॅबनं निघालो. हे काम गेलं तर कंपनीला टाळंच लागणार होतं. मॅपमधली बाई म्हणाली, बाएँ मुड़िए. साहेब म्हणाले, "नको, तिथं सर्कस लागते." सर्कस मी दिल्लीत येण्याआधी उठलेली! पुढच्या चौकात पुन्हा तेच, त्याच्यानंतरच्या चौकात पुन्हा. मीटिंगची वेळ टळत चाललेली. शेवटी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि शांतपणे म्हणाला, "अंकल, पहले आप दोनों तय कर लो."

*

प्रदर्शन मैदानाची पाडापाडी चालली तेव्हा मला वाटलं होतं, साहेब आकांत करतील. एकेक हॉल डोळ्यांदेखत पडला, त्यांनी हूं की चूं केलं नाही. अडले ते एका कडुनिंबावर. जेसीबी समोर आला, तर हे झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले आणि डबा उघडला! कंत्राटदार शिव्या देतोय, जेसीबीचा हात त्यांच्या डोक्यावर लटकतोय. मी धावत खुर्चीपाशी गेलो.

"साहेब, उठा ना, प्लीज!"

"पोळी घे. भाजी छान झालीय."

या झाडाचा परवाना दाखवा, एवढंच ते म्हणत होते. परवाना कंत्राटदाराकडे निघाला नाही. झाड राहिलं आणि त्याच्याभोवती पार्किंग झालं. एवढं काय आहे त्या झाडात, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "सावली बरी आहे."

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. नव्या हॉलमध्ये स्टॉल लावणं चाललं होतं. भर दुपारी साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"निकम, छातीत दुखतंय रे. सात नंबरच्या मागच्या दाराशी बसलोय. ये."

पुन्हा लावला, तर उचलेनात. मी आणि फरीदा धावलो. मैदानावरची ॲम्ब्युलन्सही सातवर बोलावली. मागच्या दाराशी चिटपाखरू नव्हतं! पायऱ्या बघितल्या, टॉयलेटं बघितली. आणि मग माझ्या लक्षात आलं. हा नवा सात नंबरचा हॉल. साहेब जुन्या सातला बसले होते, आणि तो कुठं होता हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या खुणांना हसलो, पण नीट ऐकली एकही नव्हती. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर विचारतोय, "सर, किधर लूँ?" काय सांगणार?

फरीदानं सुलभावहिनींना, साहेबांच्या बायकोला फोन लावला. माझी तर हिंमतच झाली नसती.

"सात नंबर?" वहिनी म्हणाल्या. "अगं, पार्किंगमधला तो कडुनिंब. मागचं दार तिथंच होतं. मी तेव्हा साड्यांच्या स्टॉलवर होते, हे मला बघायला तिथं आले होते. का गं? काय झालं?"

फरीदा धावता धावताच उत्तर देत होती.

साहेब झाडाला टेकून बसले होते. शर्ट ओलाचिंब, चेहरा राखेसारखा. "उशीर केलास," एवढं म्हणाले आणि डोळे मिटले.

रिंग रोडजवळच्या एका नव्या, काचेच्या हॉस्पिटलात नेलं. वहिनी आल्या आणि आत काय चाललंय ते कळेपर्यंत माझा हात घट्ट धरून बसल्या. मला रडूच यायला लागलं होतं. संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. एक तरुण डॉक्टर साहेबांवर वाकून त्यांची शुद्ध तपासत होता.

"अंकल, नाम बताइए."

"देवधर."

"गुड. अभी आप कहाँ हैं?"

साहेबांनी डोळे किलकिले केले. छताकडे बघितलं. मान वळवून खिडकीबाहेरच्या रिंग रोडकडे बघितलं, मग पुन्हा छताकडे.

"हॉकी ग्राउंड," ते म्हणाले. "गोलपोस्ट के पास."

डॉक्टरचा चेहरा उतरला. तो नर्सला हळूच म्हणाला, "पेशंट कन्फ्यूज्ड है. स्कैन की तैयारी करो."

आणि वहिनी रडत रडत हसायला लागल्या.

"नहीं डॉक्टर साहब, कुछ मत कीजिए! ये बिल्कुल ठीक हैं!"