हराळीला पाणी घालणाऱ्या मेजरताई

मेजर वत्सलाताई खंदारे यांची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं आणि माझ्या हातात चिमटा होता. वसमतला माझा दातांचा दवाखाना आहे. त्यांची मागची दाढ चांगलीच अडून बसली होती. या टप्प्यावर पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतात, डोळे मिटतात, काहीजण तर कुलदैवताला हाक मारतात. ताई मात्र डोळे उघडे ठेवून माझ्या हाताकडे बघत होत्या. दाढ निघाली, कापूस दाबून झाला, थोडा वेळ बोलू नका असं मी बजावलं, आणि त्या कापसातूनच म्हणाल्या, "मनगट चांगलंय तुमचं, डॉक्टर. जोर न लावता वळवता. गोल्फ खेळता का?"

दाताची भूल डोक्यात चढत नाही हे मला शिकवलेलं आहे, तरी क्षणभर शंका आलीच. वसमत आणि गोल्फ हे दोन शब्द मी तोवर एका वाक्यात ऐकले नव्हते. आमच्याकडे क्रिकेट, कबड्डी, नाहीतर झाडाखालचे पत्ते. पण त्या रविवारी कुतूहलापोटी मी कुरुंद्याला गेलो, आणि त्यानंतर माझा एकही रविवार दुसरीकडे गेला नाही. बायको त्याबद्दल अजून मेजरताईंकडे तक्रार करते, आणि ताई ती तक्रार लक्षपूर्वक ऐकून घेऊन मला पुढच्या रविवारी लवकर यायला सांगतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेजरताई कुरुंद्याच्या. शेतकरी बौद्ध घरातली ही मुलगी नर्सिंग शिकली आणि सैन्याच्या रुग्णसेवेत गेली. उत्तरेतल्या एका छावणीत रुग्णालयाला लागून गोल्फचं मैदान होतं. बरे होत आलेले जवान आणि अधिकारी फिरायचा कंटाळा करत. त्यांना चालवायचं निमित्त म्हणून ताईंनी त्यांच्या हातात काठी दिली आणि स्वतःही धरली. पेशंट बरे होऊन निघून गेले, काठी ताईंच्या हातात राहिली. निवृत्त होऊन त्या गावी परतल्या तेव्हा सामानात अशा काठ्यांची एक लांब, जुनी पिशवी होती. गावाला वाटलं, मेजरबाईंनी बंदुका आणल्या.

वडिलांच्या मागे ताई आणि त्यांचे धाकटे बंधू माणिकराव यांच्या निम्म्या-निम्म्या वाट्याला एक जुनी आमराई आली होती. आंबे म्हातारे, मध्ये चिंचा, कडुलिंब, दोन जांभळं, एका कडेनं कालव्याचा फाटा. झाडांमधल्या मोकळ्या जागेत ताईंनी नऊ होलचं मैदान आखलं. लांबीनं पाहाल तर हसाल. शहरातला पाहुणा आला की आधी हसतोच. मग पहिला टोला मारतो, तो चिंचेत जातो. दुसरा मारतो, तो कालव्यात जातो. तिसऱ्यानंतर तो हसायचा थांबतो. इथं लांब मारणाऱ्याला काही किंमत नाही. फांदीखालून बुटका चेंडू काढता आला पाहिजे, दोन बुंध्यांमधली फट दिसली पाहिजे, आणि कधी सरळ मागे मारून मोकळं व्हायचं शहाणपण पाहिजे. मी कॉलेजात षटकार मारायचो, त्यामुळे पहिलं वर्षभर आमराईतल्या पाखरांना माझा फार त्रास झाला. एकदा चौथ्या होलवरच्या चिंचेनं माझे लागोपाठ तीन चेंडू गिळले तेव्हा ताई म्हणाल्या, "काहून भांडून राहिलात तिच्याशी? ती काही बाजूला व्हायची न्हाई. तुमीच व्हा." हे वाक्य मी पुढे दवाखान्यात आणि घरातही वापरलं आहे, दवाखान्यात जास्त यशानं.

आता झेंड्यांची गोष्ट सांगायलाच हवी. गोल्फमध्ये ज्या होलात चेंडू घालायचा तिथं लांबून दिसावा म्हणून काठीला झेंडा लावतात आणि त्याच्याभोवतीचं गवत अगदी बारीक राखतात. ताईंनी हिरवळीवर उठून दिसतं म्हणून केशरी कापड लावलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातल्या बाया चपला बाहेर काढून आत आल्या, झेंड्याला हात जोडले आणि निघाल्या. आठवड्यात नारळ फुटला. ताईंनी घाईनं केशरी उतरवून हिरवं लावलं, तर कुणी पीर समजून ऊद लावून गेलं. पिवळं लावलं तर खंडोबा झाला. निळा लावायचं कुणी सुचवलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, की तो खेळात रोवायचा झेंडा न्हाई. शेवटी पांढरा लावला, तरी लोक हात जोडतच राहिले. रंग संपले, देव संपले नाहीत.

दुसरं कुणी चिडलं असतं किंवा गावाच्या अडाणीपणावर हसलं असतं. ताई येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून शांतपणे सांगत, "मावशे, इथं देव न्हाई. हा खेळ हाय. पण चपला काढल्या ते बेस केलं, गवत मोडत न्हाई." तोच आमच्या मैदानाचा नियम झाला. झेंड्याभोवतीच्या गवतावर खेळणारा अनवाणी जातो, मग तो कितीही मोठा साहेब असो. मी बरीच मैदानं पाहिलेली नाहीत, पण पायांना कळणारं मैदान हे एकच असावं.

हे गवत म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली हराळी. शेतकऱ्याला हराळी म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. माणिकराव पट्टीचे हळदकरी. जन्मभर वाफ्यातून हराळी उपटत आलेला हा माणूस, आणि त्यांची थोरली बहीण तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, खत घालते, मुळं खणून एका जागेहून दुसरीकडे लावते. "डॉक्टर, तुमीच सांगा," ते मला म्हणत, "उद्या मी लोकाच्या दाताला कीड लावून राहिलो तर कसं वाटंल तुमाला?" माणिकरावांचं काही चूक नव्हतं. जमीन काळी, पाणी हाताशी, आजूबाजूला सगळ्यांची हळद, आणि त्यांच्या हिश्शात पांढरे झेंडे.

ताईंच्या कामाबद्दल या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. त्यांच्याकडे शिकवणीला येऊन नर्स झालेल्या मुली आज ठिकठिकाणी आहेत. मी माझ्या घरातलं सांगतो. आई अंथरुणाला खिळली आणि तिच्या पाठीला जखमा झाल्या. मी डॉक्टर खरा, पण दातांपलीकडे माझी मजल नाही. ताईंना कळलं आणि त्या न बोलावता आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी मला पुढे केलं. आईला कुशीवर कसं वळवायचं, चादर न ओढता कशी बदलायची, हे त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. मी घाबरत होतो. "जोर न लावता वळवता येतं तुमाला, मी बघितलंय," त्या म्हणाल्या. आई गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. या उपकाराची फेड होत नसते, ती मी करायलाही गेलो नाही.

त्यांच्या स्वभावाचा एक भाग मैदानावरच दिसतो. गोल्फमध्ये पंच नसतो. आपले टोले आपणच मोजायचे. एकदा त्या जांभळामागे एकट्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, काठी टेकवताना चेंडू हलला, एक टोला वाढवा. पाला होता, कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या एका टोल्यानं त्या माझ्याकडून हरल्या. मी जिंकल्याचा पेढा वाटला. तो त्यांनी आनंदानं खाल्ला.

पण खरा प्रसंग दोन वर्षांपूर्वीचा. माणिकरावांनी त्या उन्हाळ्यात ठरवलं, आपल्या हिश्शात हळद लावायची. झाडांना हात लावणार नव्हते, मधली हिरवळ नांगरायची होती. म्हणजे मैदान संपलंच. आम्ही खेळणाऱ्यांनी वकील सुचवला, मोठी माणसं मध्ये घालू म्हणालो. ताई म्हणाल्या, "त्याचा हिस्सा हाय. त्यानं नांगरावा." त्या रात्री जेवल्या नाहीत, असं नंतर माणिकरावांच्या सौभाग्यवतींकडून कळलं.

सकाळी ट्रॅक्टर आला. चालक सेनगावकडचा, या भागात नवा. आम्ही चार-पाच जण मयताला उभे राहावं तसे आंब्याखाली उभे. ट्रॅक्टर पहिल्या झेंड्याशी आला आणि थांबला. चालकानं एकदा झेंड्याकडे पाहिलं, एकदा गवताच्या कडेला. माणिकराव वाट दाखवायला पुढे चालत होते आणि सवयीनं त्यांच्या चपला कडेला निघालेल्या होत्या.

"मालक," चालक खाली उतरून म्हणाला, "झेंड्यावर न्हाई घालत मी नांगर. लेकरंबाळं हायत मला."

आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसलं. इतक्या वर्षांच्या नारळांचं आणि उदाचं आज चीज झालं होतं. हा चालक परत गेला असता, चार गावांत सांगितलं असतं, आणि कुठलाही ट्रॅक्टर पुन्हा या आमराईत आला नसता. ताईंनी फक्त गप्प राहायचं होतं. मी त्यांना डोळ्यांनी तसं खुणावलंसुद्धा.

ताई अनवाणी पुढे गेल्या, झेंडा उपसून हातात घेतला आणि चालकाला म्हणाल्या, "भिऊ नको, बाबा. इथं देव न्हाई. खेळाचा झेंडा हाय हा. घाल नांगर."

"मंग लोक चपला काहून काढतेत?"

"गवताला तकलीफ होऊ नये म्हणून."

चालकानं नांगराच्या फाळांकडे पाहिलं. मग माणिकराव म्हणाले, "ताई, तू गप बसली असतीस तर हा माणूस माघारी गेला असता."

"व्हय."

"मंग बोललीस काहून?"

"तुझी जमीन हाय. देवाच्या नावावर मी ती कशी दाबू?"

माणिकरावांनी स्वतःच्या उघड्या पायांकडे पाहिलं. मग कडेला गेले, चपला घातल्या आणि चालकाला म्हणाले, "खालच्या वावरात चल. तिथंच लावू काय लावायचं ते." आणि आमच्याकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "ताई हाय तवर ऱ्हाऊ द्या हे. तिच्या माघारी मातर मी हळद लावणार. आताच सांगून ठेवतो."

"बराबर हाय," ताई म्हणाल्या, आणि झेंडा जागेवर रोवला. मला रडू आलं. ऊन डोळ्यांवर आल्याचं मी सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून आमचं मैदान ताईंच्या आयुष्याला बांधलेलं आहे. त्यांना साधी शिंक आली तरी आम्ही खेळणारे दचकतो. गेल्या हिवाळ्यात त्यांचा ताप छातीत उतरला आणि त्यांना नांदेडला हलवावं लागलं. मी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माणिकराव बसलेले होते, चुरगळलेल्या सदऱ्यात. लोकांनी घरी जा म्हटलं तरी ते हलले नव्हते. त्या दिवसांत आमराईतल्या हराळीला पाणी कोण देत होतं हे मी विचारलं. "मीच पोराला सांगितलं," ते खाली बघत म्हणाले, "वाळली तर आल्यावर बोलंल मला."

मेजरताई आता पंचाहत्तरीत आल्या आहेत. पुन्हा पूर्ण नऊ होल चालतात, आणि मला हरवतात. गौरवलेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असं लिहायची आपली रीत आहे, आणि ते लिहिताना लेखक बहुधा पेनाला टोपण लावायच्या तयारीत असतो. मी मात्र हे मनापासून लिहितो आहे, आणि थोडं स्वार्थानंही, हे लपवत नाही. मेजरताई, तुम्हाला खूप आयुष्य लाभो, चालते पाय आणि शांत झोप लाभो.

हा लेख पाठवण्याआधी मी माणिकरावांना वाचून दाखवला. या जगात ताईंच्या दीर्घायुष्यानं ज्याचं नुकसान होईल असा तेवढा एकच माणूस आहे, तेव्हा त्यांच्या शुभेच्छाही घालाव्यात असं वाटलं. काय लिहू, मी विचारलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"लिहा," ते म्हणाले, "तिथं हळद लावायची पाळी माझ्यावर कधी येऊ देऊ नगं म्हणावं."