जाड केबल आणि कव्वालीची टाळी

कादरीसाहेबांनी पिशवीतून काढलेली पॉवर केबल माझ्या मनगटाएवढी जाड होती. त्यांचा ॲम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर आधीच काउंटरवर येऊन बसले होते.

“उस्ताद, ही लावून बघा. कव्वालीतली टाळी गेली. परत येते का?”

साहेब बँकेतून रिटायर झालेले. जुन्या कव्वाल्या ऐकणं हाच आता त्यांचा दिवस. अलीकडे टाळ्या बोथट वाटू लागल्या, आणि ऑनलाइन कुणीतरी सांगितलं, केबल बदला.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझं ॲम्प्लिफायर रिपेअरिंगचं दुकान आहे. अशा केबलवरचं माझं भाषण तयार असतं. घरी ते सुरू झालं की मुलींना हमखास झोप येते.

“साहेब, करंट खांबावरच्या जोड मारलेल्या वायरीतून येऊन राह्यला. शेवटच्या दीड मीटरला सोनं लावून काय होणार? आतला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, डायोड करंट सरळ करतो, कॅपॅसिटर साठवून सपाट करतो. वायर धड असली की बस.”

पटेना. मग त्यांना डोळे मिटायला लावले आणि दोन्ही वेळा जुनीच वायर लावली. दुसऱ्यांदा ते खुलले. “हां, ये वाली अच्छी है!”

मी वायर दाखवली. ते हसले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “मंग टाळी कुठं गेली?”

ट्वीटर म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर. टाळीची धार तिथून येते. मी मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडून शिट्टीसारखा टोन सोडला आणि हळूहळू चढवत नेला. एका जागी शिट्टी विझली. ट्वीटरला कान लावला. शांत. साहेबांनी लावला. शांत.

“दोन्ही ट्वीटर गेले,” मी निकाल दिला. मीटर लावला नाही. मीटर कुणीही लावतं. गिऱ्हाईक माझ्या कानासाठी येतं, असं मीच सगळ्यांना सांगत आलोय. लग्नाच्या डीजेचे बॉक्ससुद्धा मी कान लावून पास करतो.

नवे ट्वीटर टाकले. त्याच जागी शांत. ॲम्प्लिफायर उघडला. काही सापडेना. टोन तसाच चालू.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. डबा पायरीवरच ठेवून तिनं दोन्ही कान झाकले.

“अहो, बंद करा ते! केवढं किंचाळून राह्यलंय!”

“काय?”

“काय म्हणजे? तुम्हाला ऐकू येत न्हाई?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी टोनची पट्टी थोडी खाली आणली. “आता?”

“हो की, अजून किंचाळतंय.”

मला नाही. साहेबांनाही नाही.

जुने ट्वीटर परत बसवले. ते ठणठणीत होते. साहेबांनी केबल पिशवीत कोंबली, मग पुन्हा काढली. “लावूनच द्या उस्ताद. कुछ तो बदला, असं वाटेल.” मी भाषण केलं नाही. लावून दिली.

ते गेल्यावर रॅककडे पाहिलं. डिलिव्हरीला तयार ॲम्प्लिफायर, सगळे माझ्या कानानं पास झालेले. साहेब तर रिटायर झालेत; माझ्या धाकटीचं कॉलेज अजून व्हायचंय. पुढे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो; ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही, डीजेपासून लांब राहा. दुकान तर डीजेवरच चालतं.

आता डबा आला की बायको स्टुलावर बसून टोन ऐकते. तिनं मान हलवली की माल बाहेर जातो. पॉवर केबलनं आवाज बदलतो का, असं कुणी विचारलं तर मी आजही नाही म्हणतो. फक्त पुढचं वाक्य सोडून दिलंय: “आणा, मी ऐकून सांगतो.”