सिस्टरबाईंचं वेगळं राहणं

“जिवावरचं न्हाई ना? मग आधी चहा घ्या.” जुन्नरच्या आमच्या आळीतल्या सिस्टरबाई कुणाचंही गाऱ्हाणं ऐकायच्या आधी हे म्हणायच्या आणि म्हणता म्हणता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायच्या. वीजबिल द्यायला आलेल्या माणसाचीसुद्धा. डिंगोऱ्याच्या दवाखान्यात त्या नोकरीला होत्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच, जिच्या ओट्यावर टेकलं की निम्मं दुखणं उतरतं.

त्यांचे यजमान मोटारपंप विकायचे. माणूस सरळ, पण कागदांच्या बाबतीत आनंदीआनंद. पावत्या, करात सूट मिळवून देणारे फॉर्म, सगळं एका गोणीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विक्रीकराची नोटीस आली, तेव्हा आकडा वाचून त्यांनी ती बाईंपुढे धरली. बाईंनी त्या दिवशी चहाचं नाव काढलं नाही.

घर यजमानांच्या नावावर, पण त्याचं कर्ज बाईंच्या पगारातून फिटलेलं. कुणीतरी गाठून दिलेल्या सल्लागाराने युक्ती सांगितली. कागदोपत्री घटस्फोट घ्या, घर पोटगीपोटी बाईंना द्या, म्हणजे जप्ती आली तरी घर वाचेल. मात्र अर्जाआधी वर्षभर वेगळं राहायला हवं. यजमान लगेच तयार झाले. बाईंनी मला विचारलं, “गुरुजी, तुमाला काय वाटतं?”

मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “कागदच तर आहे.” त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

यजमान भावाकडे लोणीला राहायला गेले आणि आळीला फुकटचा तमाशा मिळाला. दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, हे गृहस्थ सकाळच्या एसटीने हजर. बाई भाव करायच्या, हे पिशवी धरायचे. “जुडी बघून घ्या की! निम्मी मेथी पिवळी पडलीय!” असं बाई भर बाजारात त्यांच्यावर ओरडायच्या. मग पिशवी आळीच्या कोपऱ्यापर्यंत आणून ते तिथंच ठेवायचे आणि मागे फिरायचे. घरात पाऊल टाकायचं नाही, असं सल्लागाराने बजावलं होतं. अर्जावर सही करणार का, असं कुणी विचारलं की बाई नुसतं “बघू” म्हणायच्या.

अकरा महिने असे गेले. मग ओळीने दोन रविवार यजमान आले नाहीत. तिसऱ्या बाजारी मी बाईंच्या शेजारीच उभा होतो. लोणीकडचा कांदेवाला म्हणाला, “सिस्टर, मालक तापानं पडल्यात. भावाला म्हनले, तिला कळवू नका, कोर्टात अडचन व्हईल.”

पिशवी माझ्या हातात कोंबून बाई निघाल्या. दिवस मावळायच्या आत लोणीहून भाड्याची जीप थेट त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. यजमानांना खांद्याचा आधार देत बाई उतरल्या. दारादारांतून माणसं डोकावत होती.

“बघा सगळ्यांनी!” बाई कडाडल्या. “कोर्टानं इचारलं तर सांगा, नवरा घरात हाय.” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, “घर जाईल तर जाईल, गुरुजी. ह्यांच्या अंगात एवढा ताप, अन् मी गावभर लोकांची नाडी बघत व्हते.” त्यांना रडू आवरेना. मलाही आवरलं नाही.

ताप उतरल्यावर बाई नवरा आणि गोणी, दोघांना घेऊन विक्रीकराच्या कचेरीत गेल्या. आठवडाभर कागद लावायचं काम चाललं. राहिलेले फॉर्म जमा झाल्यावर मागणी पाव हिश्शावर आली आणि तिचेही हप्ते मिळाले. घराचा तर विषयच निघाला नाही. बाई पेढे घेऊन आल्या. मला इतकं हलकं वाटलं, जणू नोटीस माझ्याच नावाची होती. यजमान पेढा खात म्हणाले, “वरीसभर उगाच भावजयीच्या हातचं अळणी खाल्लं, राव.”

पुढे सात-आठ वर्षांनी यजमानांचे गुडघे गेले. घराच्या पायऱ्या उंच. बाईंनी दोन महिन्यांत घर विकलं आणि चाकणला मुलीच्या शेजारी तळमजल्यावर जागा घेतली. सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा मी विचारलं, “एवढं सोसून राखलेलं घर, वाईट नाही वाटत?”

“कशाचं? ह्यांना चढता येत न्हाई,” असं म्हणत बाईंनी मला वाटेतून बाजूला केलं. “अहो, खिडकीकडं बसू नका, वारं लागंल!”

यजमान मुकाट्याने आत सरकले. बाई खिडकीशी बसल्या आणि टेम्पो निघाला. त्यांनी घराकडे वळून पाहिलंही नाही. त्या यजमानांच्या कानाभोवती मफलर गुंडाळत होत्या.