पाटावरची नावं

श्रावणातला शनिवार, हमरापूरचा गणपतीचा कारखाना. हजर: मी, माझी जाऊ, कारखानदार काका आणि मूर्तींचे डोळे रंगवणारी ती.

"ए लंगडे, सावंतांचा गणपती दाव गो!" काका ओरडले.

ती कुबडी काखेत घेऊन उठली. पाटावरची आमच्या नावाची चिठ्ठी तिने आधी बोटाने सारखी केली, मग मूर्ती आमच्याकडे वळवली.

"चिठ्ठी लागली की माती पन नावाची व्हते, ताई. हा पाटलांचा, तो म्हात्र्यांचा. आई गेल्यापासून मला मात्र नावानं हाक नाय."

"अगो, लाडानं म्हणतो!"

"मंग तुमाला लाडानं टकल्या म्हनू?"

काकाही हसले. मी तिचं नाव विचारणार, तोच गिऱ्हाइकांचा घोळका आत शिरला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला गेले, तर तिची जागा रिकामी. ती रोह्याला बहिणीकडे कायमची गेली होती.

"नाव काय तिचं?"

काका डोकं खाजवत राहिले. "आम्ही सगळे तिला लंगडीच म्हणायचो की."

गणपती घरी होता तोवर तिने रंगवलेले डोळे माझ्याकडे बघत होते. रोह्याला जाऊन तिला एकदा नावाने हाक मारायची आहे. ते काम अजून बाकी आहे. तिथे तिची चौकशी कुठल्या नावाने करायची, तेच कळत नाही.