सोमीला मराठी कोणी शिकवलं?

सुट्टीत बल्लारपूरला घरी गेले की आई आधी विचारते, "नवीन काय केलं तुझ्या पोरांनी?" पहिलीच्या वर्गात किस्से शोधावे लागत नाहीत, पायात येतात! यंदाचे तर सगळे एकट्या सोमीचेच.

एटापल्लीच्या पुढे, जंगलातली आमची शाळा. सोमी आली तेव्हा तिला फक्त गोंडी यायची, मला फक्त मराठी. मी कोणालाही "नाई" म्हटलं, की ही दचकून पाय वर घ्यायची! मला वाटलं, घाबरते बिचारी. शेवटी तिच्या शेजारी बसणारा राकेश हसत सुटला.

"बाई, गोंडीत कुत्र्याले नई म्हणते! थे केव्हाची कुत्रा शोधून राह्यली!"

*

मग राकेशच आमचा दुभाषी. मी विचारलं, "सोमी, खिचडी आवडली का?"

सोमी हातवारे करत भरपूर बोलली. राकेश म्हणाला, "हो म्हणते."

"एवढंच?"

"बाकीचं तुमच्याबद्दल हाय, बाई. थे नाई सांगत!"

*

एके दिवशी सोमी धावत आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाई, राकेशनं मले मारलं!"

मी राकेशचा कान धरला. पठ्ठ्याचा चेहरा आनंदाने फुललेला!

"मारलं नाई, बाई! मीच शिकवलं तिले. प्रॅक्टिस करून राह्यली!"

*

केंद्रप्रमुख साहेब मागच्या भेटीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही मुलगी बोलतच नाही, मॅडम." मला लागलं. पण वर्गाला जास्तच लागलं! रोज मधल्या सुट्टीत एकजण साहेब व्हायचा, बाकीचे सोमीकडून उत्तरं घोकून घ्यायचे.

साहेब पुन्हा आले. थेट सोमीलाच पुढे बोलावलं.

"मोठी झाल्यावर कोण होणार?"

मागून राकेश कुजबुजला, "डॉक्टर!" मग त्याच्या शेजारचा, "डॉक्टर!" बघता बघता अख्खा वर्ग दबक्या आवाजात, "डॉक्टर! डॉक्टर!"

सोमीने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काळजीने विचारलं,

"काऊन? सरले काय झालं? पाणी आणू?"