लिव्हरपूलला कापलेली नासपती

युस्टन स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना माझ्या सासूबाईंनी शेजारी बसलेल्या एका अनोळखी इंग्रज बाईला माझ्या बद्धकोष्ठाची हकीकत सांगितली. साद्यंत सांगितली. ती बाई सभ्य होती. 'ओह डिअर' म्हणून तिनं पेपर उघडला आणि आमची गाडी लागेपर्यंत खाली केला नाही.

२००७ चा फेब्रुवारी होता. सासूबाईंना नागपूरहून क्रॉयडनला येऊन तीन महिने झाले होते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गृहविज्ञान शिकवून त्या निवृत्त झालेल्या. त्यांच्या लेखी जगात दोनच धर्म, फळं खाणाऱ्यांचा आणि न खाणाऱ्यांचा. मी दुसऱ्या धर्माची. पुण्यात वाढले, इथं सहा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत काढली, आणि दुपारचं जेवण म्हणजे डेस्कवर बिस्किटं. पोटानं संप पुकारल्यावर जीपीकडच्या (आपल्या भागातल्या सरकारी डॉक्टरकडच्या) नर्सनं मला एक माहितीपत्रक दिलं. रोज पाच वाट्या फळं-भाज्या खा, असं त्यात चित्रांसकट लिहिलं होतं. मी ते पिझ्झाच्या मेन्यूखाली फ्रिजला चिकटवून टाकलं. सासूबाईंनी ते काढलं, लाल पेननं तपासलं आणि परत लावलं. 'ज्यूसपण चालतो' या वाक्याखाली दोन रेघा होत्या आणि बाजूला शेरा होता: चोथा कुठे गेला?

लिव्हरपूलला जायची कल्पना माझ्या ऑफिसातल्या विन्सेंटमुळे निघाली. तो तिथला. चिनी नववर्ष जवळ आलं की तो सगळ्यांना दोन-दोन संत्री वाटायचा. त्याच्या आजोबांच्या देशात, चीनच्या दक्षिणेकडे, संत्र्याचा उच्चार सोन्यासारखा होतो, म्हणून ती द्यायची, आणि जोडीनंच द्यायची. मी ती संत्री घरी नेली. सासूबाईंनी एक सोलून खाल्लं, नागपूरच्या मानानं फिकं ठरवलं, आणि मग विचारात पडल्या. सणाला एकमेकांना फळं देणारी माणसं या पृथ्वीवर आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "आपण दिवाळीत मैदा आणि साखर वाटतो," त्या म्हणाल्या, "आणि मग डॉक्टरकडे रांग लावतो." विन्सेंटनं सणाला त्याच्या आईकडे जेवायला बोलावलं होतं. माझा नवरा निखिल प्रोजेक्टसाठी एडिनबराला राहत होता. त्यानं फोनवर 'तुम्ही दोघी जा, मजा करा' असं इतक्या घाईनं म्हटलं की मला त्याचा हेवा वाटला.

शनिवारी निघालो. अर्ध्या रस्त्यात रुळांची दुरुस्ती चालू होती, म्हणून सगळ्यांना उतरवून बसमध्ये बसवलं. या देशात शनिवार-रविवारी रेल्वेचं तिकीट काढणारा बहुधा बसनंच पोचतो. बसमध्ये कुणी तक्रार केली नाही. सगळे सुस्कारे टाकत होते. सासूबाईंनी पिशवीतून संत्री काढली आणि सोलून फोडी वाटायला सुरुवात केली. मानेवर कोळी गोंदवलेल्या एका दांडग्या गड्यानं नको म्हणून पाहिलं. त्यांनी विचारलं, पोट रोज साफ होतं का. त्यानं फोड घेतली.

लिव्हरपूलला एका बी-अँड-बीमध्ये (घरगुती लॉजमध्ये) उतरलो होतो. रविवारी सकाळी मालकीणबाईंनी नाश्त्याला विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मांस नको, अंडं नको, फक्त फळ. बाई बराच वेळ आत होत्या. मग प्लेटमध्ये अर्धा तळलेला टोमॅटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे फळच असतं ना, लव्ह?" शास्त्रदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. सासूबाईंनी ते मान्य केलं, पण खाल्ला मात्र नाही.

चिनी वस्ती गोदीच्या वरच्या अंगाला आहे. रस्त्याच्या तोंडाशी मोठी रंगीत कमान. तिचे तुकडे शांघायहून आणून इथं जोडले, आणि तिच्यावर दोनशे ड्रॅगन आहेत, त्यातले काही गर्भार आहेत, अशी माहिती विन्सेंटनं दिली. गर्भार कोणते ते ओळखण्यात आमची दहा मिनिटं गेली. सासूबाईंनी चार शोधले. विन्सेंटला एकही सापडला नव्हता. तो पस्तिशीतला, उंच, आणि लिव्हरपूलच्या बोलीत इतका भराभर बोलणारा की ऑफिसात मी त्याला ईमेलच पाठवते.

गर्दी भरपूर. फटाक्यांच्या माळा, ढोल, झांजा. नागपूरच्या विसर्जनात उभी आहे असं वाटून सासूबाई खुलल्या. वराहवर्ष सुरू होत होतं, त्यामुळे जिकडेतिकडे गुबगुबीत गुलाबी डुकरं टांगलेली. त्यांच्याकडे त्यांनी सौजन्यानं दुर्लक्ष केलं. मग सिंह आला. दोन माणसं आत शिरून नाचवतात तो, झुलणाऱ्या पापण्यांचा. एका हॉटेलच्या दारावर लेट्यूसचा गड्डा टांगला होता. सिंह उंच झाला, गड्डा तोंडात घेतला, चावल्यासारखं केलं आणि पानं लोकांच्या अंगावर उधळली. ती अंगावर पडली की वर्ष भरभराटीचं जातं म्हणे. एक पान माझ्या गळपट्ट्यावर पडलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "सिंहसुद्धा पालेभाजी खाऊन राहिला. आणि तू?"

सिंहानं ती थुंकली, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी ऐकलं नाही. ढोल जोरात होते.

विन्सेंटच्या आईचं घर तिथून जवळच, विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेत. मॉरीन तिचं नाव. साठी ओलांडलेली, ठेंगणी, राखाडी केस, चेहरा अर्धा इथला आणि अर्धा चीनचा, बोली मात्र अस्सल गोदीवरची. घरात आणखी एक पाहुणे होते, लाऊ. हे म्हातारे गृहस्थ पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते. मॉरीनला सणाच्या रीती त्यांनीच शिकवल्या होत्या, कारण तिच्या घरी त्या शिकवायला कुणी नव्हतं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

सासूबाईंनी ओटीच्या हिशेबानं पाच संत्री नेली होती. लाऊंनी ती मोजली आणि त्यांचा चेहरा पडला. शुभकार्यात विषम आकडा नको. एक काढून ठेवावं तर चार उरतात, आणि चारचा उच्चार मरणासारखा होतो. शेवटी मॉरीननं स्वतःच्या टोपलीतलं एक त्यात टाकून सहा केली आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. जेवण, सुदैवानं, पूर्ण शाकाहारी होतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी मांस खायचं नाही अशी रीत आहे. मशरूम, टोफू, शेवया आणि केसांसारखं काळं काहीतरी. डुकराच्या वर्षानं आम्हाला असं सांभाळून घेतलं.

पण सासूबाईंचा एक नियम असा की फळ जेवणानंतर नाही, जेवणाआधी. आम्ही टेबलाभोवती बसलो तेव्हा त्यांनी पिशवीतून एक मोठी, पिवळीधमक नासपती काढली. क्रॉयडनच्या बाजारातून निवडून आणलेली. सुरी मागून घेतली, सालासकट पाच फोडी केल्या, आणि सालात काय काय असतं ते इंग्रजीत समजावत प्रत्येकाच्या बशीत एकेक ठेवू लागल्या.

लाऊंनी बशी मागे ओढली. विन्सेंट माझ्याकडे बघायला लागला. काहीतरी भयंकर झालंय एवढं मला कळलं. मग विन्सेंटनं हळू आवाजात सांगितलं. 'नासपती वाटून घेणं' आणि 'ताटातूट होणं' हे दोन्ही त्यांच्या भाषेत सारखंच ऐकू येतं. घरच्या माणसांत नासपती कापून कधी वाटत नाहीत. नववर्षाच्या दिवशी तर नाहीच नाही.

मी सासूबाईंना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. सुरी हातात तशीच. त्या फोडी परत गोळा करायला लागल्या तेव्हा मॉरीननं त्यांच्या हातावर हात ठेवला, आपल्या बशीतली फोड उचलली आणि खाल्ली.

"आमच्या घरात कुणी नासपती कापली नव्हती," ती म्हणाली, "तरी माझे वडील गेलेच."

मग जेवता जेवता तिनं सांगितलं. तिचे वडील शांघायचे खलाशी. दुसऱ्या महायुद्धात इथल्या जहाजांवर होते, पाणबुड्यांच्या समुद्रातून माल आणायचे. लिव्हरपूलच्या पोरीशी लग्न केलं, मॉरीन झाली. युद्ध संपलं, मॉरीन वर्षाची होती, आणि एके दुपारी ते कामाचं बघून येतो म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. आईनं वर्षभर वाट पाहिली. मग त्यांचे सगळे फोटो फाडले. शेजारीपाजारी म्हणाले, चिन्यांचं असंच असतं, तिकडे दुसरी बायको असणार. आईनंही तेच धरलं. मॉरीनला घरात चॉपस्टिक धरायची बंदी होती.

खरं काय झालं ते तिला अवघ्या चार-पाच वर्षांपूर्वी कळलं, जुनी सरकारी कागदपत्रं लोकांनी शोधून काढल्यावर. लढाईपुरते हवे होते ते शेकडो चिनी खलाशी सरकारला नंतर नकोसे झाले. त्यांना पकडून, जहाजांवर घालून परत पाठवलं. बायकांना कुणी कळवलं नाही.

"आई तोवर वारली होती," मॉरीन म्हणाली. "शेवटपर्यंत त्यांना शिव्या देत होती. चांगल्या ठसठशीत शिव्या द्यायची. आणि ते बिचारे कुठल्यातरी बोटीवर."

लाऊ पुढे झाले आणि त्यांनी आपली फोड उचलून खाल्ली. मग विन्सेंटनं, मग मी. फळ न आवडणारी बाई म्हणून सांगते, फार गोड होती.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, त्यांचं नाव काय होतं. मॉरीननं ते कागदावर लिहून दाखवलं, तीन प्रकारे, कारण तीन दाखल्यांवर तीन स्पेलिंगं होती. सासूबाईंनी तिन्ही मोठ्यानं वाचली. वर्गात हजेरी घेतात तशी.

जेवणानंतर विन्सेंटनं आम्हाला आणि मॉरीनला गाडीनं नदीकाठी नेलं. ज्या धक्क्यावरून बोटी सुटायच्या तिथं त्या खलाशांच्या नावानं एक लहानशी पाटी वर्षभरापूर्वी बसवली आहे. मोठमोठ्या इमारतींच्या पायाशी ती शोधावी लागते. वारा असा होता की माझा गळपट्टा तोंडावर आपटत होता. सासूबाईंनी पाटी वाचली, आणि बूट काढले. मी म्हटलं, अहो आई, थंडी आहे, न्यूमोनिया होईल. त्यांनी मोजेही काढले. फेब्रुवारीत, ओल्या फरशीवर, अनवाणी उभ्या राहून त्यांनी हात जोडले. फिरायला आलेलं एक जोडपं आमच्यापासून लांब सरकलं. मॉरीन त्यांच्या पायांकडे बघत राहिली. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. वाऱ्यानं पाणी येतं, ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी वाऱ्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी परतीची गाडी मुकाट्यानं रुळांवरून धावली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेजारच्या प्रवाशाच्या पोटाची चौकशीही त्यांनी केली नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "एक विचारू? गेल्या वर्षी यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही दोघं आला नाहीत. काम होतं म्हणाला निखिल. कोणतं काम?"

काम वगैरे काही नव्हतं. व्हिसा वाढवायला दिला होता आणि आमचे दोघांचे पासपोर्ट सरकारी ऑफिसात अडकले होते. चौदा आठवडे. देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि व्हिसा मिळेल की नाही तेही कुणी सांगत नव्हतं. निखिल म्हणाला, आईला सांगू नकोस, आधीच बाबा गेलेत, आता मुलाला हाकलतात की काय या विचारानं जेवायची नाही. म्हणून काम सांगितलं. मी हे सगळं त्यांना तिथं, त्या गाडीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला यायचंच नव्हतं." आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

बापाच्या श्राद्धाला न येणारा मुलगा पोटात ठेवून ही बाई तीन महिने आमच्या घरी राहत होती, मला पपई कापून देत होती, आणि मी तिला फळांचं वेड लागलंय म्हणून ऑफिसात नकला करत होते.

क्रॉयडनला उतरून घराकडे चालताना ते व्हिसाचं ऑफिस लागतं. बाहेर नेहमीसारखी रांग, हातात फायली, कडेवर पोरं. सासूबाई थांबल्या. हेच का, विचारलं. मी हो म्हटलं. रांगेच्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत त्यांनी एकेका चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग म्हणाल्या, चल.

घरी आल्यावर कोटही न काढता त्यांनी निखिलला फोन लावायला सांगितला. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर येऊन त्यानं फोन घेतला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर तुझ्याशी भांडून राहिले होते. तुला माहीत नव्हतं. ते आता संपलं. जा, काम कर."

आणि फोन ठेवला. दुसऱ्या मिनिटाला माझा मोबाइल वाजला. निखिल घाबरून विचारत होता, आईला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही रे, लिव्हरपूलला जाऊन आल्यात. पण सांगते, बस, वेळ लागेल. आणि या वेळी मी सगळं सांगितलं.